भरलेली सुई

नानांनी आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. चहा समोर आला तर प्यायचा, नाही आला तर नाही. त्यामुळे सामानाची गाडी यायला सहा तास उरले असताना आणि अर्धं घर खोक्यांत गेलेलं असताना ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "आईचं निळं कुठं ठेवलंय?" तेव्हा घरातल्या सगळ्यांचेच हात थांबले.

"निळं काय?" दादाने विचारलं. त्याच्या मनगटात चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं अडकलेलं होतं. थोरला, त्यात शाळेचा मुख्याध्यापक. घरात बोलतानाही समोर चारशे पोरं रांगेत उभी आहेत असाच त्याचा सूर लागायचा. नानांना आपल्या घरी न्यायचं त्यानेच ठरवलं होतं आणि आजचा दिवसही त्यानेच नेमला होता.

"विणत होती ते. सुयांवरच आहे. कपाटाच्या खालच्या खणात, कापडी पिशवीत."

"तो खण तर केव्हाच रिकामा केला, नाना."

"हो का," नाना म्हणाले. "मग पिशवी कुठं गेली?"

स्वयंपाकघराच्या दारात गुंडी कप पुसत उभी होती. कप कोरडा झाला होता तरी ती पुसतच राहिली. पिशवी कुठे गेली ते तिला माहीत होतं. पिशवीत काय होतं आणि आता त्याचं काय झालंय, तेही या घरात फक्त तिलाच माहीत होतं.

गुंडी म्हणजे मधली. तीन वर्षांची असताना आईच्या खुर्चीखाली लोकरीच्या गुंड्या पोटाशी धरून झोपायची, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं होतं. आता पन्नाशी उलटली होती, प्रदर्शनाच्या पत्रिकेवर तिचं पाळण्यातलं नाव झोकात छापून यायचं, तिचं काम बघायला लांबून माणसं यायची. घरात मात्र ती गुंडीच. तिचं कामही घरच्यांना जरा विचित्रच वाटायचं. ती जुने स्वेटर उसवायची. कुणाचाही विटका, आखडलेला, कसरीने खाल्लेला स्वेटर घ्यायचा, धागा धागा मोकळा करायचा आणि त्यातून भिंतभर मोठे पडदे विणायचे. उसवलेली लोकर सरळ राहत नाही, वर्षानुवर्षांच्या टाक्यांची वळणं तिच्यात तशीच राहतात. ती वळणं गुंडी मोडायची नाही. तिच्या कामाचं सगळं कौतुक त्या वळणांचंच होतं. "उभा जन्म लोकांनी अंगात घातलेलं तू भिंतीला घालतेस," असं धाकटी म्हणायची.

"त्या खणातलं सगळं गुंडीकडे गेलं," वहिनी म्हणाली. ती जुन्या वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होती. "अहो, तुम्हीच नाही का म्हणालात, लोकर तिच्या कामाला येईल म्हणून?"

"मी म्हणालो, बघून पाठव."

"बघूनच पाठवलं. लोकरच होती ती."

"सुयांवर चढवलेलं विणकाम वेगळं आणि लोकर वेगळी. एवढं कळत नाही?"

"मला नाही कळत विणकामातलं. तुमच्या आईंनी कधी शिकवलं नाही." वहिनीने बशी जरा जोरातच खोक्यात ठेवली. "तीस वर्षांत एकदा म्हणाल्या नाहीत, ये, बस म्हणून."

"आता ते कशाला उकरून काढतेस?"

"दादा, पुरे," धाकटी म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि आईच्या आजारपणात रोज दुकान बंद केल्यावर इथे यायची. त्या एका वर्षाच्या जोरावर तिला या घरात कुणालाही गप्प करता यायचं. ती गुंडीजवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "तुला सांगायचं राहूनच गेलं. आई शेवटी शेवटी विणत होती."

"पण तिचा उजवा हात तर..."

"गेला होताच. तरी विणायची. नानांसाठी मफलर. दुपारी दार लावून बसायचे दोघं. मलासुद्धा एकदाच दिसला. तू यायची असलीस की पिशवी आधी खणात जायची. मला बजावून ठेवलं होतं, गुंडीला कळू देऊ नकोस, ती टाके बघेल."

ती टाके बघेल! गुंडीने कप ओट्यावर ठेवला.

तिने टाके बघितले होते. तीन महिन्यांपूर्वी वहिनीने पाठवलेल्या दोन पिशव्या तिने कामाच्या खोलीत टेबलावर उपड्या केल्या होत्या. दादाचा कॉलेजातला मरून स्वेटर, धाकटीचा मोरपंखी, नानांचे कोपराला ठिगळ लावलेले दोन करडे, सगळे आईच्या हातचे. तळाशी हे निळं, तीस टाक्यांचं, वीतभर लांब. एक टाका ढिला, पुढचा आवळलेला, मग दोन बरे, मग पुन्हा ढिला. ते बघून गुंडीला चक्क हसू आलं होतं. कुणीतरी शिकाऊ, कुणी शेजारीण, कदाचित वहिनीच, असं तिला वाटलं. आईचा टाका आपण हजारांत ओळखतो, असं ती भर सभेत सांगत आली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हा टाका आईचा असणं शक्यच नव्हतं. तिने सुया काढून बरणीत टाकल्या आणि बोलता बोलता, म्हणजे फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता, ते उसवून टाकलं. दहा मिनिटंही लागली नसतील. शिकाऊ हाताच्या वळणांत काय जपायचं, म्हणून ती लोकर तिने गरम पाण्यातून काढली, वजन लावून वाळवली आणि अगदी सरळ करून घेतली.

आणि हे सगळं तिला शिकवलं होतं आईनेच. चुकलेली ओळ ठेवायची नाही. गुंडी सात वर्षांची असताना आई तिचं विणकाम दिव्याकडे धरायची, काही न बोलता सुई काढायची आणि सर्रकन ओळी मोकळ्या करायची. एकदा तर मान वर करून म्हणाली होती, "रडायला काय झालं? लोकर कुठं गेलीय? तेवढीच आहे." गुंडी त्या दिवशी पलंगाखाली जाऊन रडली होती. पण धडा पक्का बसला. इतका पक्का, की चाळीस वर्षांनी तिने आईचंच विणकाम उसवलं आणि मन जरासुद्धा कचरलं नाही.

"गुंडे," नाना म्हणाले. "तुझ्याकडे आहे का ते?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आता बोलायला हवं होतं. उसवलं, नाना. एवढे दोनच शब्द. पण नाना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं साधं, बिनघोर वाट बघणं होतं, की तिची जीभच उचलली नाही.

"आहे," ती म्हणाली. "खोलीवर आहे. आणते मी."

"सुयांवरच आहे ना?"

"हो."

"मग ठीक," नाना म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "दुसरं काही न्यायचं नाही मला. बाकी तुम्ही बघा."

गुंडीची कामाची खोली बंद पडलेल्या धोबीखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. छताला वाफेचे जुने नळ तसेच होते, त्यातल्या एका नळावर तिचा नवा पडदा लोंबत होता. पाच फूट रुंद, छतापासून जमिनीपर्यंत. तीन महिन्यांचं रात्रंदिवस काम. आईने या घरासाठी विणलेला प्रत्येक स्वेटर त्यात होता. गुरुवारी कलादालनाची माणसं तो न्यायला येणार होती, शनिवारी प्रदर्शन उघडणार होतं. आणि मधोमध, दादाच्या मरूनवर आणि नानांच्या करड्याखाली, निळ्याच्या चार ओळी होत्या. रंग बरा दिसतो म्हणून घातलेल्या, आणि ती सगळी लोकर त्यातच संपली होती.

विणकामातल्या मधल्या ओळी अलगद निघत नाहीत. वरून उसवत यावं लागतं, नाहीतर कात्री लावावी लागते. वरून उसवायला दोन दिवस लागले असते. गुंडीजवळ होते पाच तास, त्यातला एक परत जाण्यात जाणार. तिने स्टूल ओढलं, कात्री घेतली आणि निळ्याच्या वरच्या ओळीतला काठाचा टाका कापला. मग धागा ओढत ओढत ती या काठापासून त्या काठापर्यंत गेली. खालचा अर्धा भाग जमिनीवर पडला, त्यावरच्या बाकीच्या निळ्या ओळीही तिने उसवून घेतल्या. वरच्या अर्ध्याच्या कडेला दोनशे सत्तर टाके तोंड उघडून राहिले. त्यांच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि नाही बघितलं.

बरणीतून सुया शोधल्या. त्या मात्र नजरेत भरल्या. हिरव्या, पत्र्याच्या, आणि एकीच्या टोकाला पितळेचं बारीकसं बोंड. मूळचं बोंड हरवल्यावर नानांनी घड्याळाच्या कुठल्याशा चावीचं बसवून दिलेलं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. हे बोंड त्या दिवशीसुद्धा तिच्या बोटांखालून गेलं असणार आणि तिने बघितलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती एकटीच असूनही तिने तोंडावर हात घेतला.

मग ती उजवा हात मांडीखाली दाबून बसली. एक सुई काखेत धरली, दुसरी डाव्या हातात. आईने असंच केलं असेल. पहिल्या ओळीला अर्धा तास गेला आणि ती ओळ भलतीच देखणी आली. डावा हातसुद्धा बाईचा शहाणा निघाला! तिने ती उसवली. दुसरी थोडी वाईट आली, तिसरी आणखी. दुपार सरेपर्यंत खांद्यात गोळा आला, बोटं भरून आली आणि टाके खरोखरच वेडेवाकडे पडायला लागले. आईला असंच दुखलं असेल का, कुणाला सांगितलं असेल का, असं मनात येत होतं आणि विणकामावर टिपं गळत होती. वीतभर काही झालं नाही, चार बोटं कमीच पडली. पण तिने ते दिव्याकडे धरून बघितलं तेव्हा तिला पटलं. हुबेहूब. जगात कुणाला फरक सांगता आला नसता.

ती परतली तेव्हा घर ओळखू येत नव्हतं. भिंतींवर चौकटींच्या खुणा, जमिनीवर दोरीचे तुकडे. गाडी खाली येऊन उभी होती आणि हमाल शेवटचं कपाट जिन्यावरून उतरवत होते. नाना कोट घालून, टोपी मांडीवर घेऊन एकुलत्या उरलेल्या खुर्चीत बसले होते.

"आलीस? ये," ते म्हणाले. "आण इकडे."

तिने पिशवी दिली. नानांनी निळं बाहेर काढलं, पण बघितलं नाही. डोळे मिटून त्यांनी अंगठा पहिल्या ओळीपासून वर वर नेला, घड्याळाच्या चाकाचे दाते तपासताना नेत तसा. मध्येच थांबले. पुन्हा खालून सुरुवात केली.

"झालं ना मनासारखं?" दादा म्हणाला. "चला आता, गाडीवाला तोंड वाकडं करतोय."

"हे एकटीने विणलंय," नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे हे एका माणसाचं काम आहे." त्यांनी डोळे उघडले. "आमचं दोघांचं होतं. तिचा एकच हात चालायचा. भरलेली सुई मी धरायचो, रिकामी तिच्याकडे. ती सुई टाक्यात घालायची, मी लोकर फिरवायचो, ती ओढून काढायची. ओढणं तिचं, लोकर माझी. म्हणून एक टाका असा यायचा, एक तसा. ती मला रागवायची, घट्ट धरताय म्हणून." ते थोडंसं हसले आणि मग गुंडीकडे वळले. "हे कुणाचं आहे, गुंडे?"

आता गुंडीने सगळं सांगितलं. कसं हसू आलं, कसं उसवलं, लोकर कशी धुतली, आज दुपारी काय केलं. काही लपवलं नाही.

"तू उसवलंस?" दादा म्हणाला. "आणि वर खोटं विणून आणलंस? नानांना फसवायला?"

धाकटी तिच्या बाजूने बोलेल असं गुंडीला वाटत होतं. सकाळी बोलली होती. पण धाकटीने तोंड फिरवलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. "वर्षभरात किती वेळा आलीस गं तू?" ती बाहेर बघतच म्हणाली. "एकदा जरी न सांगता आली असतीस, तरी दिसलं असतं."

"तिला कशाला बोलता?" हे वहिनी म्हणाली. सगळ्यांनी चमकून बघितलं, कारण गुंडीची बाजू वहिनीने आजवर कधी घेतली नव्हती. "पिशवी मी पाठवली. उघडून बघितली असती तर मला सुया दिसल्या असत्या. मी रागात पाठवली. नको त्यांची लोकर या घरात, असं झालं होतं मला." तिचा चेहरा उतरला होता. "नाना, चूक माझी आहे."

"चूक बिक राहू दे," नाना म्हणाले. "तुम्ही तिघं खाली व्हा. आम्ही येतो."

दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वहिनीने त्याचा कोपर धरला आणि त्याला जिन्याकडे नेलं.

नानांनी पायाने एक उरलेलं खोकं पुढे सारलं. "बस," ते म्हणाले. गुंडी बसली. त्यांनी भरलेली सुई उजव्या हातात घेतली, लोकर डाव्या बोटांवर चढवली आणि पितळी बोंडाची रिकामी सुई तिच्या डाव्या हातात दिली. "घाल."

तिने सुई टाक्यात घातली. नानांनी लोकर फिरवली. तिने ओढून काढली. टाका झाला. दुसरा झाला. खाली गाडीवाल्याने भोंगा वाजवला, तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. तिसऱ्या टाक्याला नानांनी लोकर फिरवली तेव्हा तिची सुई अजून शिरलीही नव्हती. चौथ्याला ती वाट बघत राहिली आणि त्यांचा हात हललाच नाही.

"ती सुई घालताना श्वास धरायची," नाना म्हणाले. "तो ऐकून मी लोकर फिरवायचो. बघायला लागायचं नाही."

पुढच्या टाक्याला गुंडीने श्वास धरला. नाना कान देऊन बसले. पाचवा टाका झाला, सहावा झाला. मग त्यांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "तुझा हात चांगला आहे. फार चांगला आहे. पण हे नाही."

"नाना, मी शिकेन. रोज येईन दादाकडे. दुपारी बसू आपण."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच. मग आपल्या हातातली भरलेली सुई त्यांनी अलगद, एकही टाका न ओढता, मागे मागे घेत बाहेर काढली. चोवीस टाके मोकळे होऊन तिच्या मांडीवर उभे राहिले. सुई त्यांनी रुमालाने पुसली, कोटाच्या आतल्या खिशात उभी ठेवली, वरून हात दाबून बघितला आणि टोपी घालून उठले.

"नाना, हे?" तिने निळं दोन्ही हातांनी वर धरलं.

दारात ते थांबले. त्यांनी अगदी मायेने सांगितलं, लागेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

"ते ठेव तू," ते म्हणाले. "तुझ्या कामाला येईल."